वर्गणीदाराचे मौन : रतिबापासून ‘ऑटोपे’पर्यंत

ऑनलाइन सेवेचे वर्गणीदार होणे आज काही क्षणांचे काम झाले असले, तरी ती वर्गणी बंद करणे अनेकदा जिकिरीचे ठरते, आणि ही तक्रार इंटरनेटबरोबरच जन्माला आली असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहता तो समज टिकत नाही. वर्गणी म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा ठरावीक मुदतीपर्यंत नियमाने मिळत राहावी म्हणून ठरवून दिलेली रक्कम. ती मुदत संपताना ग्राहक काहीच बोलला नाही, तर त्याचे मौन होकार समजायचे की नकार, हा प्रश्न नियतकालिके टपालाने घरोघर जाऊ लागली तेव्हापासूनच प्रकाशकांपुढे उभा होता. मौन म्हणजे होकार, असेच बहुतेक विक्रेते गेली दीडशे वर्षे धरून चालले आहेत. मात्र त्या गृहीत होकारानंतर पैसे कोणाच्या हातून आणि कोणत्या क्षणी सुटतात, ही गोष्ट या काळात पार बदलून गेली, आणि वर्गणी बंद करण्यातील आजच्या त्रासाचे मूळ या बदलात आहे.

टपालाच्याही आधीपासून महाराष्ट्रातील घरांना परिचित असलेली पद्धत म्हणजे रतीब. दूध रोज ठरलेल्या मापाने घरी येई, पुढे शहरांतून वर्तमानपत्रही त्याच रीतीने दाराशी पडू लागले, आणि हिशेब महिनाअखेरीस होई. ज्या दिवशी माल आला नाही किंवा घरच्यांनी नको म्हणून सांगितले, त्या दिवसाचा ‘खाडा’ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात मांडला जाई आणि तेवढी रक्कम बिलातून वजा होई. रतीबही मौनावरच चाले, कारण रोज सकाळी कोणी नव्याने मागणी नोंदवत नसे; परंतु माल आधी व पैसे मागून हा क्रम आणि रोज दाराशी येणारा ओळखीचा माणूस, या दोन गोष्टींमुळे ‘उद्यापासून नको’ एवढे तोंडी सांगणे पुरेसे होते. गावी जाताना पंधरा दिवसांचा रतीब थांबवणे आणि परतल्यावर तो पुन्हा लावणे यात कोणालाच काही अवघड वाटत नसे.

नियतकालिकांचे तसे नव्हते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेले ‘दर्पण’, पुण्यातून १८४९ मध्ये निघालेले ‘ज्ञानप्रकाश’, १८६७ मध्ये सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक आणि १८८१ चा ‘केसरी’ अशा पत्रांचा वाचक केवळ छापखान्याच्या गावात राहत नव्हता. अंतर कितीही असले तरी एकाच दराने पत्र नेण्याची पद्धत १८५४ मध्ये हिंदुस्थानात सुरू झाल्यावर दूरचा वर्गणीदार मिळवणे सोपे झाले, पण त्याच्याकडून पैसे मिळवणे तितके सोपे झाले नाही. म्हणून अनेक पत्रे वर्गणीचे दोन दर छापत: वर्षाच्या आरंभी भरल्यास ‘आगाऊ’ दर आणि मागाहून भरल्यास त्याहून चढा दर. अंक जात राहत, वर्गणीदार ते वाचत राहत, पैसे मात्र येत नसत, आणि संपादकाला आपल्याच पत्रात थकबाकीदारांना विनवण्या कराव्या लागत. या काळातील नियतकालिकांच्या चरित्रात थकलेल्या वर्गणीचा विषय इतक्यांदा येतो, की ज्या पत्रांनी मराठी गद्य घडवले त्यांतील कित्येकांना वर्गणीदारांच्या मौनानेच जेरीस आणले, असे म्हणण्यास जागा आहे. मौनाचा तोटा तेव्हा विकणाऱ्याच्या पदरी पडत होता.

हे चित्र पालटण्यास टपालखात्याची एक सोय कारणीभूत झाली. १८७७ मध्ये हिंदुस्थानी टपालखात्याने मूल्यदेय टपाल, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेली व्ही. पी., सुरू केली आणि १८८० मध्ये मनिऑर्डरचे कामही टपालखात्याकडे आले. व्ही. पी.ची रीत अशी, की पाठवणारा पुडक्यावर वसूल करायची रक्कम नोंदवी, पोस्टमन ते पुडके पत्त्यावर नेई, घेणारा ती रक्कम मोजून पुडके ‘सोडवून’ घेई आणि टपालखाते ते पैसे मनिऑर्डरने पाठवणाऱ्याकडे पोचते करी. घेणाऱ्याने नकार दिला तर पुडके परत जाई आणि टपालहशील पाठवणाऱ्याच्या अंगावर पडे. पुस्तकविक्रेते, औषधविक्रेते आणि मासिके यांनी या सोयीचा भरपूर उपयोग केला. मासिकांनी तर तिच्यावर एक नवी वहिवाटच उभी केली: ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपली आहे, पुढे अंक नको असल्यास तसे कळवावे, न कळवल्यास पुढचा अंक व्ही. पी.ने पाठवू, ती परत करून नुकसान करू नये’, अशा आशयाची सूचना अंकाच्या आरंभी किंवा वेष्टनावर छापली जाई. एका कार्डाने नकार कळवण्याचे काम अशा रीतीने वर्गणीदाराकडे आले. आज ज्याला स्वयंनूतनीकरण म्हणतात, म्हणजे ग्राहकाने काही न करता मुदत आपोआप वाढणे, त्याचे बीज या सूचनेत स्पष्ट दिसते.

तरीही व्ही. पी.ची पद्धत आजच्या व्यवहारापासून एका बाबतीत अगदी वेगळी होती आणि तो वेगळेपणा निर्णायक आहे. मौनामुळे पुडके दारापर्यंत येई हे खरे, परंतु पोस्टमनसमोर पैसे मोजल्याशिवाय ते सुटत नसे. ज्याला अंक नको असे त्याला संपादकाकडे अर्ज करावा लागत नव्हता, कारण सांगावे लागत नव्हते, आणि विकणाऱ्याशी ज्याचा काही संबंध नाही असा सरकारी नोकर त्याचा नकार ऐकून पुडके परत नेत होता. ‘व्ही. पी. परत आली’ या तक्रारीत प्रकाशकाचे दुःख होते आणि ते खोटे नव्हते. परंतु ज्या व्यवस्थेत नकाराचा खर्च विकणाऱ्यावर पडतो, त्या व्यवस्थेत विकणारा आपला माल कोणाला खरोखर हवा आहे याची चौकशी करू लागतो, हेही तितकेच खरे आहे.

अमेरिकेत याच काळात वृत्तपत्रांनी कडक भूमिका घेतली होती. वृत्तपत्रांविषयीचे ‘न्यायालयांचे निर्णय’ अशा मथळ्याखाली एक मजकूर तेथील असंख्य लहानमोठ्या पत्रांत वर्षानुवर्षे छापला जात असे. त्याचा आशय असा, की बंद करण्याविषयी स्पष्ट सूचना न देणाऱ्या वर्गणीदाराची पत्र चालू ठेवण्याची इच्छा आहे असे समजले जाईल, आणि बंद करण्याची सूचना दिली तरी मागची बाकी फिटेपर्यंत प्रकाशक अंक पाठवीत राहू शकेल. मौनाला होकार मानणे आणि बाकीच्या बळावर सुटका लांबवणे या दोन्ही युक्त्या येथे एकत्र सापडतात, आणि त्यांना न्यायालयाचे नाव देऊन दरारा निर्माण केलेला आहे.

याच गृहीताला धंद्याचे शास्त्र बनवण्याचे काम पुस्तक-मंडळांनी केले. हॅरी शेरमन याने सहकाऱ्यांसह १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ स्थापन केला. निवडसमितीने पसंत केलेले एक नवे पुस्तक दरमहा सभासदाला टपालाने पाठवायचे, अशी ही योजना होती आणि सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांची ‘लॉली विलोज’ ही कादंबरी तिच्यातील पहिली निवड होती. आरंभी सभासदाला पुस्तक हातात पडल्यावर ते बदलून घेण्याची मुभा होती, परंतु परत येणाऱ्या पुस्तकांचा खर्च झेपेनासा झाल्यावर रीत बदलण्यात आली. पुढच्या पुस्तकाची माहिती देणारे पत्रक आधी पाठवायचे, त्याबरोबर एक छापील फॉर्म द्यायचा, आणि सभासदाने तो नकार भरून मुदतीत परत पाठवला नाही तर पुस्तक व बिल दोन्ही रवाना करायचे, असे ठरले. व्यापाराच्या भाषेत या रीतीला ‘निगेटिव्ह ऑप्शन’, म्हणजे नकाराचा पर्याय, असे नाव मिळाले: ग्राहकाकडे निवड आहे, पण ती फक्त ‘नको’ म्हणण्याची. पुढे १९५५ मध्ये कोलंबिया कंपनीने ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी असाच क्लब काढला आणि नाममात्र किमतीत पहिल्या काही तबकड्या देऊन पुढील खरेदीचे बंधन घालण्याची पद्धत अमेरिकेत घरोघर पोचली. फॉर्म उशिरा येई, टेबलावर पडून राही, टपालात टाकायचा विसर पडे, आणि प्रत्येक विसराबरोबर एक पुस्तक किंवा तबकडी घरी येई.

तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारातील फसवणूक व अनुचित प्रथा रोखण्यासाठी १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय आयोगाने, १९७३ मध्ये या पद्धतीसाठी नियम केला. योजनेच्या अटी जाहिरातीतच स्पष्ट सांगाव्यात आणि नकाराचा फॉर्म परत पाठवण्यासाठी सभासदाला किमान १० दिवस द्यावेत, असे त्याने ठरवले. मात्र पद्धतीलाच आयोगाने हात लावला नाही. मौन हा होकारच राहिला, फक्त मौन मोडण्यासाठी किती दिवस मिळावेत एवढे कायद्याने निश्चित केले.

खरे वळण आले ते पैसे देण्याची रीत बदलल्यावर. पुस्तक-मंडळाचे बिल आले तरी चेक लिहायला सभासदाला पेन उचलावे लागे. क्रेडिट कार्डाचा क्रमांक विक्रेत्याकडे साठवून ठेवण्याची सोय झाल्यावर तेही उरले नाही. गृहीत होकार आणि प्रत्यक्ष वसुली यांच्यामध्ये आजवर उभी असलेली शेवटची पायरी, मग तो पोस्टमन असो, चेक असो की महिनाअखेरचे बिल, नाहीशी झाली. इंटरनेट जोडणी देणाऱ्या ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. मोफत तासांच्या डिस्क टपालाने वाटून तिने १९९० च्या दशकात लाखो ग्राहक मिळवले, परंतु सेवा बंद करण्यासाठी दूरध्वनी केलेल्या ग्राहकांना परावृत्त करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती बक्षिसी देत होती, असे न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीत आढळले, आणि २००५ मध्ये १२.५ लाख डॉलर भरून व आपली रीत बदलण्याचे मान्य करून तिने ते प्रकरण मिटवले. ग्राहकाचा नकार ऐकायला बसवलेल्या माणसाचे उत्पन्न तो नकार न ऐकण्यावर ठरत होते. पोस्टमनच्या तटस्थतेशी याची तुलना केली, म्हणजे ग्राहकाच्या हातून काय गेले हे समजते.

२०१० मध्ये अमेरिकी संसदेने ऑनलाइन खरेदीदारांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा केला. एका संकेतस्थळावर खरेदी केलेल्या ग्राहकाचा कार्ड क्रमांक त्याच्या नकळत दुसऱ्या कंपनीकडे जातो आणि न मागितलेल्या ‘सभासदत्वा’चे पैसे दरमहा कापले जातात, असे सिनेटच्या समितीने उघडकीस आणले होते, त्या प्रथेला या कायद्याने बंदी घातली. वारंवार होणारी वसुली थांबवण्याची ‘सोपी’ व्यवस्था विक्रेत्याने द्यावी, असेही त्यात म्हटले. सोपी म्हणजे किती सोपी, हे मात्र कायद्याने सांगितले नाही आणि पुढील पंधरा वर्षांचा वाद या एका शब्दाभोवती फिरत राहिला.

विक्रेते इतक्या चिकाटीने ही वाट अवघड का ठेवतात, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञांनी दिले आहे. स्टेफानो डेला विग्ना आणि उलरीके मालमेंडियर यांनी तीन अमेरिकी व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये दाखवले, की मासिक वर्गणी भरणाऱ्यांना एका भेटीमागे सरासरी १७ डॉलरहून अधिक पडत होते, तर त्याच ठिकाणी दहा भेटींचा पास घेतल्यास एक भेट १० डॉलरमध्ये पडत होती. लिरान आइनाव्ह, बेन क्लोपॅक आणि नील माहोनी यांनी पुढे कार्डाची मुदत संपून नवे कार्ड येण्याचा क्षण अभ्यासला. या क्षणी वर्गणी चालू ठेवण्यासाठी ग्राहकाला काहीतरी करावे लागते, आणि तेव्हाच रद्द होणाऱ्या वर्गण्यांचे प्रमाण एकदम वाढते. ग्राहक प्रत्येक वेळी विचारपूर्वक निर्णय घेत असता तर मिळाले असते त्यापेक्षा विक्रेत्यांचे उत्पन्न या दुर्लक्षामुळे १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांहूनही अधिक वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. याउलट वागणेही अशक्य नाही. नेटफ्लिक्सने मे २०२० मध्ये दीर्घकाळ काहीही न पाहिलेल्या वर्गणीदारांना चालू ठेवायचे का असे विचारून, उत्तर न आल्यास वर्गणी स्वतःहून बंद करण्याचे जाहीर केले होते. मौनाचा अर्थ नकार असाही लावता येतो, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

संगणकाच्या पडद्यावरील अशा अडथळ्यांना नाव मिळाले ते २०१० मध्ये, जेव्हा हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश अभिकल्पकाने ‘डार्क पॅटर्न’ ही संज्ञा रूढ केली. वापरणाऱ्याला त्याच्या हिताविरुद्ध निर्णय घ्यायला लावण्यासाठी जाणूनबुजून केलेली पडद्याची मांडणी, असा तिचा अर्थ आहे. अशी मांडणी नजरचुकीने होते, हा बचाव किती पोकळ आहे हे अ‍ॅमेझॉनविरुद्धच्या खटल्यातून दिसले. फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत म्हटले होते, की कंपनीच्या ‘प्राइम’ या सभासदत्वात शिरायला एकदोन क्लिक लागत, परंतु बाहेर पडण्यासाठी चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, आणि कंपनीत या प्रक्रियेला ‘इलियड’, म्हणजे ट्रॉयच्या प्रदीर्घ युद्धावरील ग्रीक महाकाव्याचे नाव, दिलेले होते. लांबी किती आहे याची जाणीव असल्याशिवाय असे नाव सुचत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने कोणतीही चूक मान्य न करता २५० कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातील १५० कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्यासाठी होते.

कायद्याने ‘सोपी’ या शब्दाला माप देण्याचा प्रयत्न जर्मनीने आधी केला. १ जुलै २०२२ पासून तेथे संकेतस्थळावर ज्या सततच्या करारात शिरता येते त्यातून बाहेर पडण्याचे बटणही संकेतस्थळावर ठळक व सहज सापडेल असे असावे लागते, आणि लॉगइन न करता ते वापरता यावे अशी तेथील न्यायालयांचीही अपेक्षा राहिली आहे. अमेरिकेत आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये १९७३ चा नियम विस्तारून, ज्या मार्गाने सभासद करून घेतले तितक्याच सोप्या मार्गाने सोडता आले पाहिजे असे ठरवले. तो नियम पूर्णपणे लागू होण्यास काही दिवस उरले असताना ८ जुलै २०२५ रोजी आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. आयोगाने खर्चाचे आवश्यक ते प्राथमिक विश्लेषण वेळेवर प्रसिद्ध केले नाही, या कार्यपद्धतीच्या कारणावरून हा निर्णय झाला. नियमाचा हेतू अयोग्य होता असे न्यायालयाने म्हटले नाही.

भारताने घेतलेला मार्ग वेगळा आहे आणि तो अधिक विचाराचा आहे. येथे नियमनाचा पहिला भार विक्रेत्यावर न टाकता पैशाच्या वाटेवर टाकला गेला. मुंबईस्थित रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये कार्डावरील आवर्ती वसुलीसाठी, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी, ई-मँडेटची चौकट आखली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती पूर्णपणे अमलात आली. मँडेट म्हणजे ग्राहकाने बँकेला दिलेला कायम आदेश. तो नोंदवताना ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी लागते, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी रक्कम व विक्रेत्याचे नाव असलेली सूचना ग्राहकाला जाते, ती वसुली किंवा सगळा आदेशच रद्द करण्याची सोय त्याला द्यावी लागते, आणि ठरावीक मर्यादेवरील रकमेसाठी प्रत्येक वेळी नव्याने पडताळणी लागते. ही मर्यादा ५,००० रुपयांवरून जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. चौकट लागू झाली त्या दिवसांत अनेकांच्या वर्गण्या अडल्या आणि विक्रेत्यांनी मोठी कुरकुर केली. परंतु ज्या वर्गण्या ग्राहकाच्या पुन्हा होकार देण्याने सुरू झाल्या नाहीत, त्या किती जणांना हव्या होत्या हा प्रश्न त्या कुरकुरीत कोणी विचारला नाही. राष्ट्रीय देयके महामंडळाने २०२० मध्ये आणलेल्या ‘यूपीआय ऑटोपे’मध्येही ग्राहकाला आपले सर्व मँडेट ॲपमध्ये पाहता येतात आणि तेथूनच रद्द करता येतात. व्ही. पी.च्या पोस्टमनचे काम, म्हणजे विक्रेत्याचा आश्रित नसलेल्या कोणीतरी नकार ऐकून घेण्याचे काम, या व्यवस्थेत बँकेकडे आले आहे.

विक्रेत्याच्या वर्तनाचा विचार त्यानंतर झाला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून १३ प्रकार नमूद केले. त्यांतील ‘सब्स्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणजे वर्गणीचा सापळा: रद्द करणे अशक्य किंवा गुंतागुंतीचे करणे, त्याचा पर्याय लपवणे, त्याविषयीच्या सूचना संदिग्ध ठेवणे, आणि मोफत वर्गणीसाठी आपोआप वसुलीची परवानगी देण्यास भाग पाडणे, हे सर्व त्यात येते. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्यास सांगितले. कंपन्यांना स्वतःची झडती स्वतःच घ्यायला सांगणे पुरेसे नाही. सापळ्याची व्याख्या इतकी नेमकी असताना दंडाची कारवाईही तितक्याच नेमकेपणाने व्हायला हवी.

तोवर प्रत्येक वर्गणीदाराने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फोनवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. मँडेट रद्द केल्याने पैसे कापले जाणे थांबते, पण विक्रेत्याशी झालेला करार संपतोच असे नाही, म्हणून सेवेच्या खात्यात जाऊनही ती रद्द करावी आणि तशी पोच जपून ठेवावी. आणि विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.